गावकुसाबाहेरचे दगड वाचायला शिका : वीरगळ बघायला निघणाऱ्यांसाठी

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना कुठल्याही जुन्या गावात जा. मारुतीच्या पाराशी, महादेवाच्या देवळामागे किंवा पिंपळाच्या बुंध्याला टेकवलेले दोन-चार कोरीव दगड बहुधा दिसतातच. एखाद्याला शेंदूर फासलेला असतो, एखादा पायरी म्हणून बसवलेला असतो, एखाद्यावर धुणं चाललेलं असतं. यातले बरेचसे वीरगळ असतात. लढाईत, गुरं वाचवताना किंवा गाव राखताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ ते उभे केलेले असतात. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ ढोबळमानाने १० व्या ते १४ व्या शतकातले, म्हणजे शिलाहार-यादवांच्या काळातले आहेत. प्रथा मात्र त्यानंतरही चालू राहिली.

हा छंद इतिहासाची पदवी नसताना, रविवारच्या सुट्टीत आणि एसटीच्या तिकिटावर नीट जोपासता येतो. सुरुवातीला दोनच गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे सगळे दगड सारखेच दिसतात. दुसरी म्हणजे त्यांच्याबद्दल जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं दगडावर कोरलेलंच नसतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे : दगडावर काय आहे ते आधी बघा आणि लिहा, नाव नंतर द्या.

## १. पहिला दगड जवळचा निवडा

पहिल्याच रविवारी दीडशे वीरगळ असलेल्या गावी जाऊ नका. इतके दगड एकदम पाहिले की डोळा थकतो आणि घरी आल्यावर फोटोंतला एकही नीट आठवत नाही. तुमच्या किंवा शेजारच्या तालुक्यातला, येण्याजाण्यात अर्धा दिवस जाईल असा एखादाच दगड शोधा. त्याच्यासमोर तासभर बसा. फोटो काढण्याआधी वहीत त्याचं साधं रेखाटन करा. चित्रकला येत नसली तरी चालेल. किती कप्पे, कुठे किती माणसं, कोण उभं, कोण आडवं, एवढं उतरलं की पुरे. हाताने काढताना ज्या गोष्टी दिसतात, त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर निसटतात. घोड्याखाली पडलेला माणूस, वरच्या कोपऱ्यातला चंद्र, ढालीमागून डोकावणारं दुसरं डोकं, हे सगळं असंच सापडतं.

जवळपास काहीच माहीत नसेल, तर जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात आधी चौकशी करा. तिथला वीरगळ सपाट जमिनीवर, स्वच्छ आणि पूर्ण उंचीचा बघायला मिळतो. गावात मात्र तोच अर्धा जमिनीत असतो.

## २. खालून वर वाचा

वीरगळाची गोष्ट खालच्या कप्प्यात सुरू होते आणि माथ्यावर संपते. नवखा माणूस वरून खाली बघतो आणि गोंधळतो.

सगळ्यात खालचा कप्पा. इथे वीराचा मृत्यू किंवा त्याचं कारण असतं. वीर बहुधा आडवा पडलेला दाखवतात. शेजारी गायी-गुरांची रांग कोरली असेल, तर गोधनाच्या रक्षणात आलेलं मरण आहे. गुरं पळवून नेणं हा त्या काळी शत्रूने केलेला हल्लाच असे. वाघ किंवा रानडुक्कर दिसलं, तर श्वापदाशी झालेली झुंज.

त्यावरचा कप्पा. प्रत्यक्ष लढाई. वीर बहुधा इतरांपेक्षा मोठा कोरलेला असतो. हातांत ढाल-तलवार, भाला किंवा धनुष्य. तो पायी आहे की घोड्यावर, समोर किती माणसं आहेत, त्यांतला कुणी हत्तीवर आहे का, हे मोजून लिहा. काही वीरगळांवर मृत्यू आणि लढाई एकाच कप्प्यात बसवलेले असतात. तेव्हा कप्पे चारऐवजी तीन भरतात.

तिसरा कप्पा. अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत. मधे वीर आणि दोन्ही बाजूंना स्त्रिया. कधी त्यांच्या हाती चवऱ्या किंवा माळा असतात, कधी वीर विमानात किंवा पालखीसारख्या आसनात बसलेला असतो. हा कप्पा हमखास झिजलेला असतो, कारण इथलं कोरीव काम बारीक असतं.

सगळ्यात वरचा कप्पा. वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. पलीकडे पुजारी, कधी नंदी. लिंगाच्या जागी तीर्थंकराची मूर्ती किंवा दुसरी देवता असेल, तर ते मुद्दाम टिपा. मरणाऱ्याच्या किंवा त्याच्या घराण्याच्या उपासनेबद्दल काही सांगणारी ही मोजक्या खुणांपैकी एक आहे.

माथा. कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. माथा तुटलेला असेल तर "चंद्र-सूर्य नाहीत" असं लिहू नका, "माथा भग्न" असं लिहा. ही साधी शिस्त पुढे फार उपयोगी पडते.

कप्पे तीन ते पाच असू शकतात. काही वीरगळ चौकोनी खांबासारखे असतात आणि त्यांच्या चारही बाजूंवर कोरीव काम असतं. म्हणून समोरचा भाग बघून निघू नका, मागे जाऊन या.

ठरावीक साच्याबाहेरचं उदाहरण बघायचं असेल, तर मुंबईत बोरिवलीच्या एकसर भागातले वीरगळ बघा. ते माणसाहून उंच आहेत आणि त्यांतल्या काहींवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. जहाजं, वल्हेकऱ्यांच्या रांगा, पाण्यात पडणारी माणसं. १३ व्या शतकात यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या लढाईशी अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात, पण त्यावर एकमत नाही. इतक्या तपशिलात कोरलेल्या दगडांबद्दलही कोणती लढाई हे ठामपणे सांगता येत नाही. मग गावातल्या साध्या वीरगळाला एखाद्या प्रसिद्ध लढाईचं नाव चिकटवताना दहादा विचार करावा.

## ३. वीरगळच आहे ना, याची खात्री करा

चार प्रकारचे दगड वीरगळ म्हणून खपून जातात.

सतीशिळा ओळखायला सगळ्यात सोपी. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, पंजा वर उघडा, आणि वर चंद्र-सूर्य. हाच हात कधी वीरगळाच्याच एका बाजूला कोरलेला असतो. तेव्हा वीराची पत्नी सती गेल्याची ती नोंद असते आणि दगड दोघांचं मिळून स्मारक ठरतो.

गधेगाळ हा स्मारकाचा दगडच नाही. तो दानाचा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचं शिवीवजा शिल्प. दिलेली जमीन किंवा हक्क जो हिरावेल, त्याला दिलेला तो शाप आहे. कोकणात, विशेषतः शिलाहारांच्या मुलखात, असे दगड बरेच सापडतात. शिल्प अश्लील वाटल्यामुळे किंवा शापाच्या भीतीमुळे गावकरी कधी ते दाखवायला कचरतात. आग्रह धरू नका. ही जमिनीच्या दानाची सरकारी नोंद आहे, एवढं शांतपणे सांगितलं तर बऱ्याचदा संकोच जातो.

धेनुगळावर गाय आणि तिला लुचणारं वासरू असतं. तोही दानाशी संबंधित. गायी दिसल्या म्हणून त्याला गोरक्षणाचा वीरगळ समजू नका. वीर नाही, लढाई नाही, मग वीरगळ नाही.

चौथा प्रकार म्हणजे पडक्या देवळाचे तुकडे. देवळाच्या पट्टीवरही योद्धे, घोडे, हत्ती कोरलेले असतात. दगडाच्या कडा बघा. वीरगळाला स्वतःची चौकट आणि माथा असतो, आणि खालचा भाग जमिनीत पुरण्यासाठी ओबडधोबड सोडलेला असतो. देवळाच्या तुकड्याचं कोरीव काम मात्र कडेला अचानक तुटतं, कारण ते पुढच्या दगडावर चालू असतं.

यापैकी काहीच ठरत नसेल, तर "कोरीव शिळा, प्रकार अनिश्चित" असं बिनधास्त लिहा.

## ४. पिशवीत काय असावं

- आखीव नसलेली वही, दोन पेन्सिली, खोडरबर
- ५ मीटरचा टेप
- १० किंवा २० सेंटिमीटरची पट्टी, फोटोत दगडाशेजारी ठेवायला (काळे-पांढरे पट्टे कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवले तरी चालतं)
- मोबाइल आणि पॉवर बँक
- एकाच दिशेला झोत टाकणारी हातातली टॉर्च (मोबाइलची टॉर्च इथे कामाची नाही, तिचा उजेड पसरतो)
- वहीएवढा आरसा
- रंगाऱ्याचा मऊ केसांचा कोरडा ब्रश, फक्त सुटी धूळ आणि पालापाचोळा झटकायला
- गडद रंगाची ओढणी किंवा छत्री, सावलीसाठी
- पाणी, टोपी, घोटा झाकणारे बूट (दगडांच्या राशीत विंचू असतात, कपारीत हात घालू नका)
- ओळखपत्र, आणि एका गावात बरेच दगड मोजायचे असतील तर ग्रामपंचायतीसाठी एक पानी निवेदन : नाव, पत्ता, काय करणार, किती वेळ लागणार, आणि काहीही हलवणार किंवा खणणार नाही ही हमी

खुरपं, कुदळ, तारेचा ब्रश, खडू आणि तेल यांतलं काहीही सोबत नको. का, ते पुढे येईलच.

## ५. गाव आणि दिवस ठरवणं

सुरुवातीच्या एक-दोन दगडांनंतर मोठ्या समूहाकडे वळायला हरकत नाही. साताऱ्याच्या वाई तालुक्यातल्या किकली गावात भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांचा मोठा साठा आहे. चंदन-वंदन किल्ले तिथून जवळ. श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावला, भीमेकाठच्या भुईकोटात, देवळांच्या परिसरात बरेच वीरगळ आहेत. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला देऊळ, बारव आणि वीरगळ एकाच फेरीत बघून होतात.

यादीत नसलेली गावं स्वतः शोधण्यातली गोडी वेगळीच आहे. त्यासाठी नकाशा उघडून तीन खुणा शोधा : जुनं शिवमंदिर, बारव किंवा तळं, आणि घाटवाटेचं किंवा किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. तिन्ही एकत्र आल्या तर वीरगळ मिळण्याची शक्यता चांगली. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरमध्ये गावनिहाय जुन्या अवशेषांचे उल्लेख असतात, तेही चाळा.

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दगडावर शेवाळ आणि भोवती कमरेइतकं गवत असतं. शिवाय ओला काळा बसाल्ट इतका गडद दिसतो की उठाव कळतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये गवत नसतं, पण ते जत्रांचे दिवस असतात. देवळात गर्दी असते आणि दगडांवर नव्या शेंदराचा थर चढलेला असतो.

एका दिवसात दोन गावं पुरेत. पाच गावांचा बेत आखला की प्रत्येक ठिकाणी नेमकी चुकीची वेळ गाठली जाते. ती कशी, ते सातव्या पायरीत बघू. एसटीने जात असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ गावात उतरल्या उतरल्या विचारून घ्या. आगारातला तक्ता आणि प्रत्यक्ष गाडी यांचं जमेलच असं नाही.

## ६. गावात गेल्यावर

"वीरगळ कुठे आहेत?" असं विचारलं तर अनेक ठिकाणी मान हलते. शब्द माहीत नसतो, दगड मात्र माहीत असतात. "देवळापाशी माणसं-घोडी कोरलेले जुने दगड आहेत का?" असं विचारा. कुठे त्यांना वीर म्हणतात, कुठे पांडव, कुठे नुसतंच देव. मोबाइलमधला एखाद्या वीरगळाचा फोटो दाखवला की काम झटकन होतं. आजीबाई आणि गुराखी यांना विचारा. पडीक रानातले दगड त्यांना ठाऊक असतात.

सगळ्यात मोठी अडचण गुप्तधनाच्या संशयाची. कोरीव दगडाखाली धन असतं, ही समजूत फार घट्ट आहे, आणि धनाच्या लोभाने दगड उखडून नेणारे खरोखर येऊन गेलेले असतात. त्यामुळे टेप घेऊन दगडाभोवती फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे गाव संशयाने बघणारच, आणि ते योग्यच आहे. आल्यावर पुजारी, सरपंच किंवा पोलीस पाटील यांपैकी कुणाला तरी भेटा. कशासाठी आलात ते सांगा आणि गावातलंच कुणी तरी सोबत घ्या. काळोख पडल्यावर टॉर्च घेऊन एकट्याने दगडांपाशी जाऊ नका.

दगड पूजेत असेल तर चपला काढा आणि हात लावण्याआधी विचारा. शेंदूर खरवडायचा नाही, कुणी "काढा की" म्हटलं तरी नाही. आज ती गावाची देवता आहे, तुमचा अभ्यास त्यानंतर. दगड कुणाच्या परड्यात किंवा गोठ्याच्या भिंतीत असेल तर घरच्यांची परवानगी घ्या आणि फोटोत घर किंवा माणसं येणार नाहीत, हे बघा.

सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी नीट ऐका, लिहूनही घ्या. पण वहीत वेगळ्या पानावर. "गावात असं सांगतात" आणि "दगडावर असं आहे" यांची सरमिसळ झाली की नोंद कामातून गेली.

## ७. उजेड : निम्मं काम इथेच होतं

झिजलेलं शिल्प समोरून पडलेल्या उन्हात सपाट दिसतं. तेच शिल्प बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या उजेडात उठून येतं, कारण प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते. म्हणून दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते मोबाइलच्या होकायंत्रावर आधी बघा आणि वेळ त्यावरून ठरवा.

- तोंड पूर्वेला : सकाळी ऊन थेट समोरून येतं, तेव्हा काही दिसत नाही. साडेअकराच्या सुमारास सूर्य दगडाच्या डोक्यावरून पलीकडे सरकू लागतो. ऊन जायच्या आधीचा तो अर्धा तास सोन्यासारखा.
- तोंड पश्चिमेला : याच्या उलट. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास ऊन नुकतंच तोंडावर येऊ लागतं, तेव्हा.
- तोंड दक्षिणेला : हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं. अगदी सकाळी किंवा उन्हं उतरताना बघा, तेव्हा ते तिरकं पडतं.
- तोंड उत्तरेला : हिवाळ्यात ऊन पडतच नाही. आरसा किंवा टॉर्च वापरा.

आरशाची युक्ती अशी : सोबत्याने उन्हात उभं राहून आरशाने कवडसा दगडावर टाकायचा, पण समोरून नाही, कडेने. आरसा थोडा थोडा फिरवला की एकेक हात, एकेक ढाल उमटत जाते. टॉर्च वापरताना ती दगडाच्या कडेपासून दोन-तीन फुटांवर, पृष्ठभागाशी जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन होईल अशी धरा. दिवसा टॉर्चचा उजेड दिसत नाही, म्हणून छत्री किंवा ओढणीने दगडावर सावली करा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा वरून, असे तीन फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात लपलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. अक्षरांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण उजेडाच्या दिशेत गेलेली रेघ सावलीच टाकत नाही.

फोटोंचा क्रम ठरलेला असू द्या : आधी परिसरासह दगड, मग पट्टी ठेवून पूर्ण दगड, मग खालपासून वर एकेक कप्पा, मग दोन्ही बाजू, पाठ आणि माथा. पूर्ण दगडाचा फोटो घेताना मोबाइल दगडाच्या मध्यावर येईल इतके खाली बसा आणि चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम वापरा. उभ्याने, जवळून काढलेल्या फोटोत वरचा भाग मोठा आणि पाय आखूड दिसतात. त्यावरून केलेलं कुठलंही माप चुकतं.

मोबाइलवर दगडाची त्रिमितीय प्रतिकृती करणारी ॲप मिळतात. त्यासाठी मात्र ढगाळ, एकसारखा उजेड हवा. दगडाभोवती फिरत ५०-६० फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग आला पाहिजे. दगडाला हातही न लावता त्याची प्रत मिळते, म्हणून ही रीत शिकून घेण्यासारखी आहे.

## ८. नोंद तिथेच पूर्ण करा

"घरी जाऊन लिहू" म्हटलं की दोन गावांचे दगड एकमेकांत मिसळतात. प्रत्येक दगडाला क्रमांक द्या आणि जागेवरच भरा :

गाव, तालुका, जिल्हा, देवळापासून दिशा आणि अंतर, अक्षांश-रेखांश, तोंडाची दिशा, जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये, कप्प्यांची संख्या, खालपासून वर प्रत्येक कप्प्याचं वर्णन, माथा, लेख आहे का आणि कुठे, सध्याची अवस्था, तारीख आणि वेळ.

उंची लिहिताना "जमिनीवरची" हा शब्द गाळू नका. पुढे कधी दगड पूर्ण बाहेर काढला गेला, तर तुमचं माप चुकीचं ठरणार नाही. अक्षांश-रेखांशाचे दशांशानंतरचे पाच आकडे लिहिले की सुमारे एका मीटरपर्यंतची जागा मिळते. मोबाइलची स्वतःची अचूकता मात्र मोकळ्यावर काही मीटरचीच असते. म्हणून शेजारच्या न हलणाऱ्या खुणेपासूनचं अंतरही टेपने मोजून ठेवा.

## ९. अक्षरं दिसली तर

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. कर्नाटकात तो बऱ्याचदा असतो. त्यामुळे "हा अमुक सरदाराचा वीरगळ" असं कुणी ठामपणे सांगितलं, की पहिला प्रश्न हाच : नाव कुठे कोरलंय?

लेख असलाच तर तो बहुधा दोन कप्प्यांमधल्या आडव्या पट्टीवर असतो. तिथे तिरका उजेड टाकून बघा. यादवकाळातली देवनागरी आजच्या वाचकाला बरीच ओळखीची वाटते, पण दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिली पडिमात्रा. एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता आधी उभी रेघ म्हणून काढतात, ती कान्यासारखी दिसते आणि मागच्या अक्षराला जोडून वाचली जाते. दुसरं म्हणजे च, व, ध ही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात आणि ब बऱ्याचदा व असाच कोरलेला असतो.

आधी शके शोधा. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. मिती पौष ते फाल्गुनातली असून इंग्रजी वर्ष उलटलेलं असेल, तर ७९. लेखात संवत्सराचं नावही असेल तर आकडा पडताळता येतो : शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. बाकी १ म्हणजे प्रभव, २ म्हणजे विभव, असं पंचांगातल्या यादीप्रमाणे मोजत जा. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.

अलिबागजवळच्या आक्षी गावातला प्रसिद्ध गधेगाळ घ्या. त्यावरचा शक ९३४ असा सर्वसाधारणपणे वाचला जातो, म्हणजे इ.स. १०१२. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, त्याला ६० ने भागल्यावर बाकी ४६. सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी, आणि दगडावर "प्रधावी" कोरलेलं आहे. जुळलं. तुमच्या दगडावर आकडा पुसट आणि संवत्सराचं नाव स्पष्ट असेल, तर हीच रीत उलटी वापरून शक्य असलेली सालं काढता येतात, दर साठ वर्षांनी एक. गणितात एका वर्षाचा फरक आला तर लगेच वाचन चुकलं म्हणू नका. शक "गेलेला" मोजला की "चालू", यामुळे तेवढं अंतर पडतं.

न लागलेल्या अक्षरांच्या जागी तर्काने शब्द भरू नका. तिथे टिंबं द्या. चुकीचं वाचन एकदा फिरू लागलं की ते मागे घेता येत नाही.

## १०. हे अजिबात करू नका

अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, गुलाल किंवा रांगोळी चोळायची पद्धत अजून दिसते. ती घातक आहे. भुकटी खाचेत बसून ओलावा धरते आणि चोळण्याने कडा झिजतात. शिवाय ज्याने खडू फिरवला त्याला वाटलेलंच अक्षर पुढच्याला दिसतं. तेलाने दगड दोन दिवस चमकतो, मग त्यावर धूळ चिकटून कायमची पुटं बनतात. दगडफूल खरवडलं तर दगडाचा पापुद्राच सोबत निघतो. आम्ल, लिंबू, तारेचा ब्रश यांबद्दल वेगळं सांगायला नको. कागद ओला करून शाईने ठसा घेणं ही अभ्यासकांची रीतसर पद्धत आहे, पण त्यासाठी प्रशिक्षण आणि पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.

पडलेला दगड उभा करण्याचा मोह फार होतो. करू नका. पडलेल्या वीरगळाची मूळ जागा आणि दिशा हाच पुरावा असतो, आणि उचलताना तो कप्प्याच्या रेषेवर मोडतो.

कायदाही लक्षात ठेवा. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. गावातले बहुतेक वीरगळ संरक्षित यादीत नसतात. पण १०० वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. कुणी दगड विकत देऊ केला तर तिथेच थांबा. संरक्षित ठिकाणी तिवई किंवा ड्रोन लावण्याआधी परवानगी घ्या.

## ११. नोंदी साठल्यावर

दहा-बारा दगड झाले की एका प्रश्नाला धरा. वीरांचे केस कसे बांधलेले आहेत? तुमच्या तालुक्यात धनुष्यवाले जास्त की ढाल-तलवारवाले? गोरक्षणाचे वीरगळ डोंगराकडच्या गावांत आहेत की नदीकाठी? असा एखादा प्रश्न हातात असला की पुढची गावं आपोआप ठरतात. आधी पाहिलेल्या दगडाकडेही पुन्हा जावंसं वाटतं, कारण पहिल्या वेळी केसांकडे बघितलेलंच नसतं.

समाजमाध्यमांवर टाकताना गावाचं नाव द्या, पण रानात सुट्या पडलेल्या दगडाचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नका. चोरांना तेवढं पुरतं. नेमकी जागा ग्रामपंचायत आणि अभ्यासकांपुरती ठेवा. फोटोंची प्रत गावच्या शाळेला द्या. दगड कुठून आले, हे विचारत मुलं घरी जातात आणि मग आजोबांकडून आणखी दोन दगडांचा पत्ता लागतो.

रस्ता, पाया किंवा विहीर खणताना नवा दगड निघाल्याचं कळलं, तर तहसील कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा. सोबत पट्टीसह फोटो, मापं आणि निघालेल्या जागेचा गट क्रमांक जोडा, आणि पोच घ्या. आधी नोंदवलेला दगड जागेवर नसेल, तर गावात विचारून बघा. बऱ्याचदा देवळाच्या जीर्णोद्धारात तो हलवून मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. तिथेही नसेल तर सरपंचांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्या वेळी तुमच्या वहीतलं पान, तारखेसह फोटो आणि मापं एवढंच त्या दगडाची ओळख पटवायला उरलेलं असतं. म्हणून वहीच्या पानांचे फोटो काढून त्यांची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.